अलिपिओच्या मापाची टोपी

तळ्यातल्या या बेटावर विणकाम पुरुषांचं, आणि जावई पारखायचा तो त्याने विणलेल्या टोपीत पाणी ओतून. ज्याची टोपी गळली त्याने मुकाट घरी जावं. खरं तर पोराने स्वतःची टोपी आणायची असते. पण आपल्या मुलीला, सबिनाला, मागणी घालणाऱ्या सेल्सोला अलिपिओने बजावलं होतं, "तुझी नको. माझ्या डोक्याची विणून आण. बघू किती दम आहे!"

लग्न मोडायचंच होतं त्याला. सेल्सोच्या बापाने, त्या मेल्या ग्रेगोरिओने, तीस वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात त्याच्या डोक्यात धोंडा घातला होता. डाव्या कानावर टेंगूळ राहिलं ते कायमचं. टोपी चढवली की तिथे ठणकायचं. चारचौघांत अलिपिओ त्याबद्दल अवाक्षर काढत नसे.

रविवारी चौकात सगळा गाव जमला. अलिपिओने टोपीत तांब्याभर पाणी ओतलं. थेंबसुद्धा गळला नाही. त्याचा जळफळाट झाला. पाणी फेकून त्याने टोपी उलटीपालटी केली, टाके मोजले, आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे, हे बघा! उजवीकडे सात पक्षी, डावीकडे आठ! बारा टाके जास्त! नमुना मोजता येत नाही आणि निघालाय संसार करायला!"

लोक खो खो हसले. सेल्सोचे कान लाल झाले.

"मामा, एकदा घालून तर बघा."

"मामा कोण रे तुझा? ग्रेगोरिओची अवलाद! माझी सबिना मिळायची नाही. चल, नीघ!"

सेल्सो वळून धक्क्याकडे चालू लागला. टोपी अलिपिओच्या हातातच राहिली.

घरी आल्यावर, दार लोटून, अलिपिओने ती डोक्यावर चढवली. कानापर्यंत खाली ओढली. कुठेच टोचलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा! बारा टाके बरोबर टेंगळावर आले होते.

"मीच सांगितलं होतं त्याला." सबिना दारात उभी होती. पाठीवर गाठोडं बांधलेलं. "तुमचे केस मी धुते ना, बाबा. त्याने तीनदा उसवून विणली. चौकात खरं सांगितलं असतं तर लोक तुम्हाला हसले असते, म्हणून गप्प बसला."

अलिपिओने टोपीवरूनच टेंगूळ चाचपलं.

"आणा ती इकडे. ज्याला नाही म्हणालात त्याची वस्तू घरात कशाला?"

"राहू दे की गं..."

"मग चला चौकात. सगळ्यांसमोर सांगा कशासाठी जास्त टाके घातले ते. होकार द्या."

चौकात जाऊन, त्या ग्रेगोरिओच्या पोरापुढे मान खाली घालायची? अलिपिओने टोपी काढून तिच्या अंगावर भिरकावली.

"जा! दोघं मिळून बुडा तळ्यात!"

तिने टोपी झेलली, झटकली, नीट घडी करून गाठोड्यात ठेवली, आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरू लागली. खाली होडीत सेल्सो बसला होता. तिने मागे वळून पाहिलं नाही.

अलिपिओने खुंटीवरची जुनी टोपी ओढून घातली. टेंगूळ लगेच ठणकायला लागलं.