फटक्याचा आवाज

स्वरूपाने स्वतःच्या गालावर एक चापट मारली, कान देऊन ऐकली आणि लॅपटॉपची कळ दाबली. स्पीकरमधून दुसरी चापट आली. दोन्ही खोट्या होत्या. स्वतःचा हात ऐन वेळी आवरतो. आणि लॅपटॉपमधला हात अजून नुसती टाळी वाजवत होता.

ज्ञानेश सरांचंही तेच म्हणणं होतं. पिंपळे सौदागरच्या त्यांच्या गेम बनवणाऱ्या कंपनीतून सकाळीच व्हॉइस मेसेज आला होता.

"मॅडम, आपला व्हिलन मारामारी करतोय, आरती नाही. आणि रेकॉर्डिंग नको, सिंथच पाहिजे, कॉम्प्युटरवर घडवलेला आवाज. प्रत्येक फटका वेगळा निघायला हवा. आज दुपारी पाठवाच. हे जमलं तर सोमवारपासून या. खाली पाळणाघर आहे, मुलीची काळजी नको."

पाळणाघर हा शब्द तिने पुन्हा पुन्हा ऐकला होता. तळेगावला मैत्रिणीकडे, पूनमकडे, दोघी मायलेकींसाठी एक खोली रिकामी होती. निशूचे दोन फ्रॉक तिच्या झोळीखालच्या गोधडीत घडी करून ठेवलेले होते. राहिला होता तो एवढा आवाज, आणि नवरा, कुलदीप, चाकणहून फर्स्ट शिफ्ट संपवून यायच्या आत तो पाठवणं. मागे एकदा त्याने लॅपटॉप उघडा पाहिला, तेव्हा लाथ आधी लॅपटॉपला बसली होती, मग तिला. पडद्याच्या कोपऱ्यातली चीर अजून होती.

पडद्यावर चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. एक चौकोन नुसती खरखर द्यायचा, दुसरा तिच्यातलं टोचणारं गाळायचा, तिसरा आवाज किती झपाट्याने चढेल आणि कसा विरेल ते ठरवायचा. निशू झोपली की तारा जोडायच्या, ती उठली की तशाच लोंबकळत ठेवायच्या. असं करत करत सिंथ उभा राहिला होता. आजवर सगळं हेडफोनवर चालायचं. पण निशूने काल त्याची वायर चावून ठेवली, म्हणून आज स्पीकर. झोळीबाहेर आलेल्या तिच्या तळपायाला स्वरूपाने ओठ टेकवले, तो हळूच आत सारला आणि डावा कान स्पीकरकडे केला. उजव्यात दिवाळीपासून नुसती शिट्टी वाजते.

तिने डोळे मिटले.

रविवार. करपलेला भात. आधी हात नव्हताच, आधी अंगठी. गालाच्या हाडावर बारीकसा टणत्कार. तिने धातूच्या आवाजाचा इवलासा चौकोन काढला आणि सगळ्यांच्या पुढे जोडला. मग तळवा. चढायला लागणारा वेळ तिने शून्य केला. तो हात आवरत नसतो. मग डोकं भिंतीवर, दबकं, पोकळ. आणि त्या धक्क्याने थरथरणारी भांड्यांची मांडणी, सगळ्यांत शेवटी, लांबून आल्यासारखी. ओठ फुटून रक्त निशूच्या दुपट्यावर पडलं होतं. त्याचा आवाज झाला नव्हता. त्याला चौकोन नाही.

तिने कळ दाबली.

तिचे खांदे आपोआप वर गेले, कोपर तोंडापुढे आलं. खोलीत कोणी नव्हतं.

"जमलं गं, पिल्ला," ती झोळीकडे बघून म्हणाली. निशू हललीसुद्धा नाही.

आता प्रत्येक फटका वेगळा निघतो का, ते पाहायचं. हलका. मध्यम. पूर्ण ताकदीचा. पुन्हा पूर्ण ताकदीचा. एकावर एक, श्वास घ्यायलाही फट न ठेवता.

दार धाडकन उघडलं. दारात घरमालकीण आक्काबाई. शेजारचीच खोली तिची. हातात वरवंटा, वरवंट्यावरून मनगटापर्यंत लाल मिरचीचे ओघळ.

"कुटंय त्यो?"

"कोण, आक्का?"

"तुजा नवरा!"

"कामावर आहेत. हा आवाज यातला आहे, गेमचा." स्वरूपाने कळ दाबून दाखवली.

आक्काबाईने डोळे गच्च मिटले. "बंद कर, पोरी. बंद कर ते."

खोली शांत झाली. स्वरूपाने मधल्या भिंतीकडे पाहिलं.

"तुम्हाला ऐकू जातं, आक्का? रोजचं?"

"एक भितच हाय की मधी." आक्काबाई वरवंट्याकडे बघत राहिली. "व्हय. जातं."

"मग आजच कशा आलात?"

"रोज तू वरडतीस. वरडतीया म्हंजी जित्ती हाय, आसं म्हनायचे आन् मिरची वाटत बसायचे." तिने वरवंटा दुसऱ्या हातात घेतला. "आज नुसता हानतोय, हानतोय, आन् तुजा हुंकारबी न्हाई."

फाटकाशी मोटारसायकल येऊन थांबली. इतक्या फटक्यांत न हललेल्या निशूने झोपेतच पाय पोटाशी ओढून घेतले.

स्वरूपाचा हात लॅपटॉप मिटायला गेला.

"ऱ्हाऊ दे उघडा," आक्काबाई म्हणाली. "पाटव तुजं काय ते."

ती उंबऱ्यात बसली. ऐसपैस, दार अडवून. वरवंटा मांडीवर घेतला. स्वरूपाने फाइल पाठवायला लावली. निळी रेघ सावकाश पुढे सरकू लागली. बाहेर बुटांचा आवाज जवळ आला आणि थांबला.

"आक्का? सरका की जरा, आत जायचंय."

"थांब तितंच. काम चाललंय तिचं."

स्वरूपाने झोळीखालच्या गोधडीत हात घातला आणि फ्रॉक बाहेर काढले.