बिनकुटाची भाजी

"आज जेवायला एक पाहुणी येणार हाय. कोण ते तिच्यासमोरच सांगतो," एवढं बोलून आदिनाथ ऑफिसला गेला आणि इकडे लातूरच्या घरात त्याच्या बायकोचं, विशाखाचं, डोकं ठणकायला लागलं. कोण ते तिला पक्कं ठाऊक होतं. दर शनिवारी चाकूरला भेटते तीच! आता उजळ माथ्यानं घरात आणतोय. हिंमत बघा माणसाची.

संध्याकाळी आली ती अगदी साधी निघाली. मनस्विनी नाव, शाळेत शिकवते. चपला तिनं नीट जोडून ठेवल्या, तर विशाखाला त्या नीटपणाचाही राग आला. हसत हसत तिनं ताटं वाढली, डोळे मात्र दोघांवर. हिचा पेला रिकामा झाला की हा भरतो. का म्हणून?

आदिनाथनं वांग्याच्या भाजीचा घास घेतला आणि थांबला. "आज कूट इसरलीस का काय?"

आता आमच्याकडची बाई एखादवेळी मीठ विसरेल, शेंगदाण्याचं कूट नाही.

"इसरले न्हाई," विशाखा सहज बोलून गेली. "ह्या ताईंना शेंगदाणे चालत न्हाईत ना. घसा सुजतो."

मनस्विनीचा हात ताटातच राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच."

"मी?" आदिनाथ म्हणाला. "मी तर हिच्याबद्दल अजून चकार शब्द काढला न्हाई."

"मी ते एकदाच बोलले होते," मनस्विनी सावकाश म्हणाली. "चाकूरच्या खाणावळीत, वाढणाऱ्याला. मागच्या टेबलावर एक बाई होती, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली. जेवली नाही, नुसती बसून होती."

विशाखा उगाच पातेल्यातली भाजी ढवळायला लागली.

"माझ्या मागं मागं फिरत होतीस?" आदिनाथचा आवाज चढला नाही, उलट बसला. "आप्पांचं चाकूरला दुसरं घर होतं. ते गेल्यावर मला कळलं. ही माझी बहीण हाय. बोलायचा धीर होत नव्हता, आज सांगणार होतो." मग विशाखाकडे बघत म्हणाला, "इतक्या जवळ बसलीस, तर हिला मला दादा म्हणताना ऐकलं न्हाईस?"

ऐकलं होतं. चांगलं स्पष्ट ऐकलं होतं. दादा काय, रिक्षावाल्यालाही म्हणतात, असं म्हणून तिनं ते झटकून टाकलं होतं. आता हे सांगायची तिला लाज वाटली.

मनस्विनीनं हात धुतले, पर्स उचलली. "येते दादा," म्हणाली. विशाखा दारापर्यंत गेली, वहिनी म्हणून एक तरी हाक येईल या आशेनं. मनस्विनीनं चपला घातल्या आणि ती जिना उतरून गेली.