पहिलं अक्षर एम

घरात वस्तू आली की तिचं कौतुक दोन दिवस तरी टिकतं. वल्सम्माच्या घरी आलेल्या टॅबचं कौतुक चहा निवेपर्यंतही टिकलं नाही.

टॅब वापरलेलाच होता. नदीकाठच्या तंकच्चनकडून तिनं तो घेतला होता, लेकीसाठी. टिंटू नर्सिंग शिकलेली, जर्मनीत नोकरी मिळवायची म्हणून तिथल्या भाषेचा वर्ग घरबसल्या करत होती. परीक्षा तोंडावर आली होती आणि तडा गेलेल्या फोनवरची बारीक अक्षरं वाचून पोरीचे डोळे रडल्यासारखे लाल व्हायचे. मळ्यातली रबराची झाडं म्हातारी झाली होती. घराची सगळी भिस्त आता त्या एका परीक्षेवर होती. वल्सम्माला जर्मन कळायचं नाही, पण वर्ग चालू असला की ती दाराशी कांदा चिरत बसायची. एकदा तिनं विचारलं होतं, "त्या बाई सारख्या सुझाना, सुझाना करतात. ती पोरगी वर्गाला येतच नाही वाटतं?"

"अम्मे, सुझाना मीच," टिंटू कपाळाला हात लावून म्हणाली होती. "दाखल्यावर काय नाव घातलंयत तुम्ही माझं?" त्यावर दोघी पोट धरून हसल्या होत्या. ते हसणं वल्सम्मानं ध्यानात ठेवलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

तर टिंटूनं टॅब सुरू केला. भाषा निवडली, वायफाय जोडलं, आणि तो अडून बसला. हा टॅब आधीच्या मालकाच्या खात्याशी जोडलेला आहे, त्या खात्याचा पासवर्ड द्या, असं म्हणून खाली त्यानं ईमेल दाखवला. त्यातलं पहिलं अक्षर तेवढं दिसत होतं, एम. पुढे नुसत्या चांदण्या.

"एम?" वल्सम्माच्या हातातला कप तसाच राहिला.

टॅब देताना तंकच्चन म्हणाला होता की हा ओमनाचा. ओमना त्याची बायको, तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. टॅब दुकानात नेऊन आतलं सगळं पुसून आणलंय, असंही तो म्हणाला होता. आता ओमना म्हटलं तर ओ यायला हवा. एम कुठून आला?

टिंटू म्हणाली, "पासवर्ड विचारू या ना त्यांना. खातं काढायचं राहिलं असेल."

"चोराला किल्ली मागायची?" वल्सम्मा म्हणाली. शब्द तोंडातून निघाला आणि तिथंच मुरला. आधी नुसती शंका होती, आता चोर तयार झाला.

एकदा चोर मिळाला की पुरावे आपसूक गोळा होतात. तंकच्चन कुवेतहून परतल्यापासून जुन्या वस्तूंची देवघेव करायचा. मिक्सर, पंखे, फोन, काय काय त्याच्या पडवीत यायचं आणि जायचं. कुठून यायचं? टॅब देताना त्यानं तो दोनदा परत हातात घेतला होता, कडेनं अंगठा फिरवला होता. काच पुसतोय असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटलं, बोटांचे ठसे पुसत असणार. वल्सम्मा आयुष्यात पोलीसचौकीची पायरी चढली नव्हती, पण तपास मात्र तिनं असा झकास केला.

संध्याकाळी तिनं त्याला फोन लावला. सरळ विचारलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण तिला त्याला पेचात पकडायचं होतं. "अच्चाया," ती थोरल्या भावाला हाक मारावी तशा गोड आवाजात म्हणाली, "तो टॅब नक्की ओमनाचाच होता ना?"

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तंकच्चन तुटकपणे म्हणाला, "मग आणखी कुणाचा असणार?" आणि फोन ठेवला गेला.

"पाहिलंस? दातखीळच बसली," वल्सम्मा लेकीला म्हणाली. आजारपणात ओमना त्याच टॅबवर रोज रात्री स्तोत्रं ऐकत झोपायची, हे तिला कुठून ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी ती टॅब घेऊन बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. गल्ल्यावर शमीना नावाची बाई होती. वल्सम्मानं सांगितलं, एवढं कुलूप तोडून द्या. शमीनानं टॅब उलटासुलटा करून पाहिला आणि बिल मागितलं. बिल नव्हतं. खातं कुणाचं ते विचारलं. ते सांगता येईना. मग शमीनानं टॅब परत सरकवला, आणि वल्सम्माकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"चेची, थोरल्या बहिणीसारख्या आहात, राग मानू नका. चोरीचा माल आणणाराही हेच म्हणतो, ओळखीच्याकडून घेतलाय, बिल नाही, तेवढं कुलूप तोडा. मी तुमच्यात आणि त्याच्यात फरक कसा करू?"

बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. वल्सम्माच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पन्नाशी गाठलेली, दर रविवारी चर्चला जाणारी बाई मी, आणि मला चोर समजते! तिथंच तिला कळायला हवं होतं की न विचारता अंगावर आलेला संशय कसा भाजतो. कळलं नाही. तिला एवढंच वाटलं की ही बेअब्रू तंकच्चनमुळे झाली.

घरी येताना कुंपणाशी शेजारची अलेयम्मा भेटली. वल्सम्मानं तिला सगळं सांगितलं, आणि वर म्हणाली, तुझ्यापाशीच ठेव. अलेयम्मानं ते जेवणापर्यंत ठेवलं. संध्याकाळपर्यंत गावात टॅब चोरीचा ठरला होता, आणि शनिवारी तर तंकच्चनच्या दारात पोलिसांची जीप पाहिलेली माणसंही निघाली. मेलेल्या बायकोच्या नावावर चोरीचा माल खपवतो, हे वाक्य वल्सम्माचंच होतं. ते फिरून तिच्याच कानावर आलं तेव्हा तिलाही ते अगदी खरं वाटलं.

रविवारी ओमनाचं वर्षश्राद्ध होतं. आमच्याकडे अशा दिवशी प्रार्थनेनंतर कबरीवर धूप दाखवतात आणि मग सगळी मंडळी त्या घरी नाश्त्याला जातात. न जाणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडणं. तंकच्चननं आठवडाभर आधी सगळ्यांना बोलावलं होतं, पहाटेपासून त्याच्या अंगणात पालप्पमचे, म्हणजे तांदळाच्या जाळीदार घावनांचे, तवे चढले होते. इकडे बायकांचं आधीच ठरलं होतं, कबरीपर्यंत जायचं आणि परत फिरायचं. त्या घरचं अन्न कसल्या पैशाचं कुणास ठाऊक!

चर्चमध्ये वल्सम्मा सासूशेजारी चटईवर बसली होती. अम्मच्ची ऐंशीच्या घरातली, गुडघे गेलेले, पण कान शाबूत. वेदीपुढे अच्चन, म्हणजे आमचे पाद्री, मृतांची नावं वाचू लागले. दोन-तीन नावं झाली, आणि मग ते म्हणाले, "आणि तुझी दासी मरियम, जिची आज आम्ही आठवण करतो."

वल्सम्मानं मान वळवली. "अम्मच्ची, ही मरियम कोण? आज तर ओमनाचं ना?"

"ओमनाच ती," अम्मच्ची कुजबुजली. "बाप्तिस्म्याचं नाव मरियम. आजीचं ठेवलं होतं. मी होते की तिच्या बाप्तिस्म्याला."

पुढची प्रार्थना वल्सम्माच्या कानात शिरलीच नाही. मरियम. एम. आमच्या गावात एकाही माणसाचं खरं नाव गावाला माहीत नसतं, हे तिला नव्यानं शिकायची गरज होती का? तिच्या घरातली टिंटू दाखल्यावर सुझाना होती. दोनच आठवड्यांपूर्वी ती त्यावर पोट धरून हसली होती.

बाहेर आल्यावर पायऱ्यांशी तिनं सासूला सगळं सांगितलं, एमपासून अलेयम्मापर्यंत. अम्मच्ची ऐकत राहिली. मग म्हणाली, "सगळं गाव तुला वल्सम्मा म्हणतं. पण तू गेलीस की अच्चन कुणाचं नाव घेतील? राहेलचं. उद्या कुणी म्हणालं, ही वल्सम्मा नव्हेच, कुणा राहेलचे कपडे चोरून घातलेत हिनं, तर?"

"चूक झाली, अम्मच्ची. त्यांना एकट्यात गाठून माफी मागते."

"बदनामी एकट्यात केली होतीस का?" अम्मच्ची काठी टेकत म्हणाली. "चार घरांत शंका नेलीस ना, मग माफीही चार घरांत ने. आणि एक सांग. चोर म्हणायच्या आधी त्याला विचारलंस तरी का?"

"विचारलं होतं."

"तू पकडायला गेली होतीस. विचारणं वेगळं."

कबरीवरचा धूप संपला होता. तंकच्चन एकटाच घराच्या वाटेला लागला होता. मागे वळून पाहायचा धीर त्याला झाला नसावा. बायका फाटकाशी चपला शोधत होत्या, आपापल्या वाटेनं जायच्या बेतात. वल्सम्मा फाटकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"ऐका, मी खोटं बोलले! टॅब ओमनाचाच आहे. आत्ता अच्चनांनी मरियम म्हटलं ती कोण, सांगा बघू? तिचंच पहिलं अक्षर धरून मी त्या माणसाला चोर केलं. तुम्हाला मला काय म्हणायचंय ते म्हणा, पण आज त्याच्या घरी चला."

अलेयम्मा चपलेचा पट्टा लावायच्या निमित्तानं खाली वाकली ती वाकलेलीच राहिली. मग अम्मच्ची काठी टेकत नदीच्या वाटेला निघाली, आणि तिच्या मागून एकेक करून बाकीच्या निघाल्या.

तंकच्चनच्या अंगणात खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, सगळ्या रिकाम्या. तो पडवीत पाठमोरा बसला होता. पावलं ऐकून वळला, इतक्या बायका पाहून उठला, आणि ताटल्या घ्यायला आत गेला.

खाणं झाल्यावर वल्सम्मा टॅब घेऊन त्याच्यासमोर गेली. काय केलं ते सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. त्यानं ऐकून घेतलं.

"पासवर्ड हवा होता होय?" तो म्हणाला. "मला पाठ आहे. फोनवर तेवढंच म्हणायचं होतंस. तू विचारलंस, ओमनाचाच ना. मला वाटलं, गेलेल्या माणसाची वस्तू घरात नको झाली असेल तुला."

दोघं एकाच फोनवर बोलले होते, आणि दोघांनीही एकमेकांबद्दल वाईटच धरलं होतं.

त्यानं चष्मा लावला आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत टाइप करू लागला. पासवर्ड आपल्याला दिसू नये म्हणून टिंटूनं तोंड फिरवलं होतं, पण तो स्वतःशीच पुटपुटत होता, त्यामुळे ऐकू आलंच. गीवर्गीस. तंकच्चनचं बाप्तिस्म्याचं नाव. गावात कुणीही न वापरलेलं, फक्त तिनं जपलेलं. भिंतीवरच्या ख्रिस्ताच्या तसबिरीखाली ओमनाचा फोन होता, तंकच्चन अजूनही तो रोज चार्ज करून ठेवायचा. खात्रीचा कोड त्यावर आला, टिंटूनं तो टाकला, आणि टॅब उघडला. वर कोपऱ्यात छोट्याशा गोलात ओमना हसत होती.

"अंकल, आता हे खातं इथून काढावं लागेल," टिंटू हळूच म्हणाली. "काढू?"

तंकच्चन त्या गोलाकडे पाहत राहिला. "काढ, मोळे, काढ पोरी. फोनवर आहे ती. इथं आता तुझं नाव घाल. खरं नाव घाल बरं का, नाहीतर उद्या तुलाही कुणी चोर म्हणेल."

वल्सम्माला हसू फुटलं आणि त्याच श्वासात रडू आलं. तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं.

वाचकहो, जुनी वस्तू विकताना किंवा कुणाला देताना तिच्यातून आपलं खातं काढून द्या, एवढं तर लक्षात ठेवाच. पण कुलूप दिसलं की आधी घरमालकाला हाक मारावी, आणि ती सरळ मारावी, पेच टाकायला नव्हे. शंका आली म्हणून कुणी वाईट होत नाही. पण विचारायला तोंड उघडलं नाही आणि पसरवायला उघडलं, की एखाद्याच्या अंगणातल्या खुर्च्या रिकाम्या राहतात.

संध्याकाळी वर्ग सुरू झाला. टॅबमधून बाईंनी हाक मारली, "सुझाना?" टिंटूच्या आधी दाराशी कांदा चिरत बसलेली वल्सम्माच म्हणाली, "आहे, आहे. माझीच आहे ती."