गुरुजींचा कोट आणि माझ्या डोक्यातील टेबल

मनुष्याची स्मरणशक्ती ही एक अगाध वस्तू आहे. हे मी सातव्या इयत्तेपर्यंत झालेल्या शिक्षणाच्या बळावर म्हणत नाही, सत्तावीस वर्षांच्या शिवणकामाच्या बळावर म्हणतो. आणि खरे सांगायचे तर एका कोटाच्या बळावर म्हणतो. तो कोट माझ्या गुरुजींचा होता.

सातवीनंतर मी शाळा सोडली, परंतु गुरुजींनी मला सोडले नाही. मी दुकान थाटले त्या वर्षापासून त्यांचा प्रत्येक कोट माझ्याच कात्रीखालून गेला. शाळेत पाढा चुकला की ते समोर उभे राहून माझा उजवा कान पिळत, नेहमी उजवाच. तो अद्यापि डाव्यापेक्षा किंचित लांब आहे, असे माझी पत्नी म्हणते. ह्या पत्नीचाही परिचय इथेच करून देणे उचित होईल. दुकानात दोन शिलाई यंत्रे आहेत, एकावर मी बसतो, दुसऱ्यावर ती. तिच्या यंत्राच्या खणात मापवही असते. मी टेप लावून माप मोठ्याने उच्चारायचे आणि तिने ते टिपायचे, अशी आमची रीत. ती टिपत असे. मी मात्र ती वही कधी उघडून पाहत नसे.

“मापं माझ्या डोक्यात असतात,” असे मी गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत असे.

“आणि डोकं कुठं असतं ते मला विचारा,” असे ती यंत्र न थांबवता म्हणत असे.

एका मंगळवारी सकाळी गुरुजी दुकानाची पायरी चढून आले, तेव्हा क्षणभर मी त्यांना ओळखलेच नाही. तीन महिने ते अंथरुणाला खिळून होते, हे ऐकून होतो. पण ऐकणे निराळे आणि पाहणे निराळे. जुना कोट खुंटीवर टांगावा तसा त्यांच्या खांद्यांवर लोंबत होता.

“बघतोस काय असा? मीच आहे,” गुरुजी म्हणाले. “थोडा कमी आहे, एवढंच.”

पत्नीने खुर्ची पुढे केली. खुर्ची पाहताच गुरुजी चिडले.

“ही! ह्या खुर्चीपायीच आलोय मी. शनिवारी पाच वाजता वाचनालयात माझं व्याख्यान आहे. विषय आहे स्मरणशक्ती. आणि अध्यक्षांनी काय केलंय ठाऊक आहे? एक बदली वक्ता सांगून ठेवलाय! मी मध्येच अडखळलो तर पुढचं तो बोलणार म्हणे. पहिल्या रांगेत बसवणार आहेत त्याला, पाण्याच्या तांब्यासारखा भरून.”

“काय माणसं असतात एकेक!” मी म्हणालो.

“म्हणून मला नवा कोट हवाय. मी तोंड उघडायच्या आधी कोटानं सांगितलं पाहिजे, की हा माणूस बरा झालाय. ह्या जुन्या कोटात उभा राहिलो, तर लोक टाळ्या वाजवायचं सोडून मला खुर्ची आणून देतील.”

मी तत्काळ टेप गळ्यात घातला. “छाती छत्तीस. कंबर चौतीस. खांदा सतरा...” अशी सात मापे मी खणखणीत आवाजात उच्चारली. मागे पेन्सिल कुरकुरल्याचे ऐकू आले. तिकडे मी लक्ष दिले नाही.

“टिपलीस?” गुरुजींनी विचारले.

“डोक्यात आहेत, गुरुजी.”

“डोक्यात कुठे?”

गुरुजींनी माझ्या कापायच्या टेबलावर हात ठेवला. आवाज जुना झाला, वर्गातला झाला.

“हे टेबल आहे ना, तसंच एक डोक्यात असतं. आत्ता ऐकलेलं, आत्ता पाहिलेलं, सगळं त्याच्यावर येऊन पडतं. टेबल लहान, बाबा. पाच-सात जिनसा ठेवल्या की भरलं. तोंडानं घोकत राहिलास तर टिकतात, नाहीतर अर्ध्या मिनिटात घरंगळून खाली. मागे मात्र एक मोठं कपाट असतं. पुन्हा पुन्हा केलेलं, अर्थ लागलेलं, झोपेत मुरलेलं, असं त्यात जातं आणि वर्षानुवर्षं राहतं. तेर सत्ते?”

“एक्क्याण्णव!” मी उद्गारलो, आणि माझा हात आपोआप उजव्या कानावर गेला.

“बघ. हे कपाट. आणि हाताचं कपाट आणखी वेगळं. ते मुकं असतं. सायकलचा तोल कसा सांभाळतोस, सांग बरं?”

“सांगता नाही येणार.”

“पण सांभाळता येतो! शनिवारी हेच सांगणार आहे मी.”

गुरुजी गेले. ते पायरी उतरत आहेत तोच एक बाई पडद्यांचे कापड घेऊन आल्या, पाठोपाठ एका गिऱ्हाइकाने चेन बिघडलेली पँट दाखवली, आणि मी त्या चेनीत गुंतलो.

बुधवारी कापड पसरले, तेव्हा पत्नीने विचारले, “वही देऊ?”

“गुरुजींच्या कोटाला वही? अगं, झोपेतून उठवलंस तरी सांगेन मी त्यांची मापं.”

“मग जागेपणी एकदा बघून घ्या.”

मी ऐकले नाही. खडू सरसर चालला, कात्रीही कुठे अडली नाही. गुरुजींना हेलपाटा नको म्हणून कच्च्या शिलाईवर घालून पाहण्याची पायरीसुद्धा मी गाळली. शनिवारी दुपारी इस्त्री फिरवून कोट तयार झाला. इतका सुबक कोट माझ्या हातून क्वचितच उतरला असेल.

दीड वाजता गुरुजींनी तो अंगात घातला.

खांद्यांच्या शिवणी दंडावर उतरल्या होत्या. बाह्यांतून केवळ बोटांची टोके दिसत होती. गुरुजी आरशासमोर सावकाश वळले, आणि कोट त्यांच्यानंतर वळला.

“छान आहे,” ते म्हणाले. “ह्यात माझ्यासोबत बदली वक्ताही मावेल.”

पत्नीने खण उघडला. वही काढली. “छाती छत्तीस,” तिने वाचले.

मी कोटाला टेप लावला. तो एक्केचाळीसाच्या अंगाला कापला होता. कंबर चाळीस, खांदा साडेअठरा. सत्तावीस वर्षे मी गुरुजींचे जे अंग शिवत आलो, तेच पुन्हा शिवले होते. मंगळवारचे आकडे त्या चेनीसोबतच टेबलावरून घरंगळले. आणि रिकाम्या जागी कपाटातले जुने आकडे इतक्या शहाजोगपणे येऊन बसले, की मी त्यांनाच नवे समजलो.

गुरुजींनी कोट उतरवला. आता ते हसत नव्हते. “जाऊ दे,” ते हळूच म्हणाले. “जुनाच घालतो. खुर्चीही घेतो. बसूनही बोलता येतं माणसाला.”

त्यांनी तेराचा पाढा वीसदा विचारला असता आणि वीसदा कान पिळला असता, तरी मला इतके लागले नसते.

“बसायचं तर इथं बसा, गुरुजी,” पत्नी म्हणाली. “तीन तास आहेत. अहो, उभे काय राहिलात? उसवा!”

मग मी पाठीची, बगलेची, बाह्यांची शिवण उसवली. पत्नी वहीतून एकेक माप सांगे. मी ते मोठ्याने म्हणे, आणि खडूची रेघ पूर्ण होईस्तोवर म्हणतच राही. “खांदा सतरा, खांदा सतरा, खांदा सतरा.” एक गिऱ्हाईक दारात आले, माझा जप ऐकला आणि आल्या पावली परतले. गुरुजी खुर्चीत बसून व्याख्यानाचे कागद पुटपुटत होते. दोन यंत्रे एकदम धावत होती.

साडेचार वाजता पत्नी अस्तर टाचता टाचता थांबली. माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, “अहो, हा आतला खिसा उजवीकडे का लावलाय? सगळ्यांचा डावीकडे असतो.”

मी पाहिले. खिसा खरोखरच उजवीकडे होता. का, ते मला काही केल्या आठवेना. वहीत केवळ मापे होती. खिशाचा एक शब्द नव्हता. एका कोटात दोन चुका! परंतु आता खिसा हलवायला वेळ उरला नव्हता.

“सांगू नकोस त्यांना,” मी म्हणालो.

पावणेपाचला गुरुजींनी कोट चढवला. आरशात एक सडपातळ, ताठ गृहस्थ उभा राहिला. गुरुजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले, घसा खाकरला आणि ते झपाझप पायरी उतरले. मी आणि पत्नी दुकानाला कुलूप लावून मागोमाग धावलो.

वाचनालयात कुणीही गुरुजींना खुर्ची दिली नाही. अर्धा तास ते कागदाविना बोलले. टेबल सांगितले, कपाट सांगितले, सभा हसली. “आता तिसरा मुद्दा,” ते म्हणाले आणि थांबले.

थांबलेच. सभागृहातला पंखा ऐकू येऊ लागला. पहिल्या रांगेतील बदली वक्त्याने पायावरचा पाय खाली घेतला. अध्यक्षांची मान त्याच्याकडे वळली. कागद आतल्या खिशात असणार, हे मला उमगले. आता गुरुजी डावी बाजू चाचपणार, तिथे खिसाच नाही!

तोच त्यांचा डावा हात वर आला. गुरुजींची नजर सभेवरच होती; हात आपल्या वाटेने कोटाच्या उजव्या बाजूत शिरला आणि कागद घेऊन बाहेर आला.

डावा हात! फळ्यावर लिहिणारा हात तोच, आणि समोरच्या पोराचा उजवा कान पिळणाराही तोच. पहिल्या कोटाच्या वेळी गुरुजींनी मला बजावले होते, की खिसा उजवीकडे ठेव. मी ते केव्हाच विसरलो होतो. माझा हात विसरला नव्हता.

“तिसरा मुद्दा हाताच्या स्मरणाचा,” कागदावर ओझरती नजर टाकून गुरुजी म्हणाले. “तो आत्ताच तुम्ही पाहिलात.” टाळ्या पडल्या. बदली वक्त्याने पाय पुन्हा पायावर घेतला.

दुकानी परतताच पत्नीने वही उघडली आणि गुरुजींच्या मापांखाली लिहू लागली, “आतला खिसा उजवीकडे.”

“ते कशाला लिहितेस?” मी छाती फुगवून म्हणालो. “ते माझ्या हाताला ठाऊक आहे.”

“एक्केचाळीससुद्धा हातालाच ठाऊक होतं,” ती म्हणाली.

मी वही टेबलावर, खडूशेजारी ठेवली.