चौथ्या वाटीतला शेंगदाणा

अक्षराच्या घरात रविवारी भाजी कुठली करायची इथपासून टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा इथपर्यंत सगळं मतदानानं ठरायचं. याला कारण पप्पा. पप्पा, म्हणजे आनंदराज सर, अहमदपूरजवळच्या एका शाळेत शिक्षक. निवडणुकीची ड्युटी लागली की बाकीचे गुरुजी ती रद्द करून घ्यायला चकरा मारायचे, आणि हे मात्र आदल्या रात्रीच शर्टाला इस्त्री करून तयार! ग्रामपंचायत असो नाहीतर लोकसभा, मतदान केंद्राचे अध्यक्ष होऊन जायचे आणि परत आल्यावर घरातसुद्धा अध्यक्षच राहायचे.

म्हणून त्या शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार वाट्या मांडल्या गेल्या. शिल्पा आत्या लातूरहून तिची जुनी गाडी घेऊन आली होती, शनिवार-रविवार मोकळा होता आणि कुठली लेणी बघायला जायचं हा प्रश्न होता. पहिली वाटी वेरूळची, दुसरी माहूरची, तिसरी खरोशाची. चौथी 'वरीलपैकी एकही नाही'ची. त्या चौथ्या वाटीत आजवर कुणी काही टाकलं नव्हतं, पण पप्पा ती मांडायचेच.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले आणि त्यांनी प्रत्येकाच्या हातावर एकेक शेंगदाणा ठेवला. "आणि शिल्पा, या वेळी मत खाऊ नकोस."

"दादा, एकदाच खाल्लं होतं रे. भूक लागली होती."

"लोकशाहीत भूक लागत नसती."

मतदानाआधी प्रचाराला परवानगी होती. पप्पा वेरूळबद्दल बोलले. म्हणजे मागच्या प्रत्येक वेळी बोलले होते तेच बोलले. आत्यानं दोन वाक्यांत आटोपलं, "गाडी माझी, पेट्रोल माझं, कंबर माझी. खरोसा जवळ आहे." मग अक्षरा उठली.

स्नेहसंमेलनाआधी ही मुलगी हजेरीला 'उपस्थित' म्हणायची तेव्हा तो आवाज बाकाखाली घरंगळायचा. पण सूत्रसंचालन करणाऱ्या ज्योत्स्नाला ऐन वेळी ताप भरला, बाईंनी समोर दिसलेल्या अक्षराच्या हातात माईक कोंबला, आणि तेव्हापासून तो तिनं मनातून खाली म्हणून ठेवलाच नव्हता. आत्ताही तिनं आईचं लाटणं उचललं.

"बंधू-भगिनींनो! माहूर! चारी बाजूंनी डोंगर, डोंगरात जंगल, जंगलात धुकं, आणि त्या धुक्यात पांडवलेणी! वेरूळ आपण पाहिलं. खरोसा काय, पळून जाणार आहे का? पण दहावीनंतर तुमची ही लाडकी लेक..."

"लाटणं आण इकडं," आई म्हणाली. "पोळ्या राहिल्यात."

सभा तिथंच संपली आणि आईखेरीज सगळे स्वयंपाकघराबाहेर आले. मग एकेकानं आत जायचं, आपल्या वाटीवरची ताटली उचलायची, दाणा टाकायचा आणि दारात उभ्या पप्पांकडून बोटाला स्केचपेनची शाई लावून घ्यायची, असं रीतसर मतदान झालं. आईनं तव्यावरची पोळी काढता काढता मत दिलं. कुणी बघितलंसुद्धा नाही.

मोजणी सुरू झाली. वेरूळ, एक. माहूर, एक. खरोसा, एक.

"आई! तुझ्यावर आहे सगळं!" अक्षरा टाळ्या पिटत ओरडली. कारण तीन वाट्यांत एकेक म्हटल्यावर चौथं मत दुसरीकडं कुठंतरी पडलेलं असणार, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. पप्पांच्या आलं. त्यांनी चौथ्या वाटीवरची ताटली उचलली आणि ते बघतच राहिले.

वाटीच्या मधोमध एक शेंगदाणा होता.

"हे कुणी केलं?" पप्पांनी विचारलं. मतदान गुप्त असतं हे ते पहिल्यांदाच विसरले.

"मी," आई म्हणाली आणि तिनं पोळी उलटवली.

"अगं रेणुका, पण का?"

"मला काय, वेरूळ काय अन् माहूर काय. पार्किंग समदीकडं सारखंच असतंय."

आत्या हसली. मग तिच्या लक्षात आलं की वहिनी विनोद करत नाहीये, आणि ती हसता हसता थांबली.

"म्हणजे?" अक्षरानं विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? वेरूळला पिशव्या कोण सांभाळत बसलं होतं? अजिंठ्याला तू मांडीवर झोपली होतीस, तिथं मी लिंबाखाली. धाराशिवला माकडं डब्यावर टपलेली. मी कुठलं लेणं आतून बघितलंय, सांग बरं?"

आईचा आवाज चढलेला नव्हता. पीठ किती घ्यायचं हे सांगताना जसा असतो तसाच होता. म्हणून तर अक्षराला ते जास्त लागलं. तिनं फोन काढला आणि सहलीचे फोटो भराभरा मागं सरकवले. खांबांपुढं पप्पा. हत्तीपुढं आत्या. सगळीकडं तोंड वेंगाडून ती स्वतः. आई होती, नाही असं नाही. धपाटे वाढताना होती, पाण्याची बाटली देताना होती. पण तिच्या मागं कायम गाडीची उघडी डिक्की.

"तूच म्हणायचीस ना, तुम्ही जाऊन या म्हणून," पप्पा पुटपुटले.

"हाव. अन् तुम्ही जाऊन यायचे."

माहूरचं धुकं, जंगल, डोंगर, सगळं अक्षराच्या डोक्यातून निघून गेलं. तिनं परत लाटणं उचललं, पण या वेळी भाषण ठोकायला नाही.

"अध्यक्ष महाराज, मी माझी उमेदवारी मागे घेते. फेरमतदान घ्या. मतदार एकच, आई."

"एकदा शाई लागल्यावर..." पप्पा सवयीनं म्हणाले, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "थांब! फेरमतदानात मधल्या बोटाला लावतात शाई! तशी सोय आहे!"

"लावा की मग!" आत्या ओरडली.

आईनं हात पदराला पुसले. "काय तुमचं हे खूळ," म्हणाली, पण मधलं बोट पुढं केलं. मग शेंगदाणा घेऊन बराच वेळ तीन वाट्यांपुढं उभी राहिली, आणि सगळ्यांच्या देखत तो तिसऱ्या वाटीत टाकला.

"जवळ आहे म्हणून?" आत्यानं विचारलं.

"न्हाई. निलंग्याला मामाकडं जाताना आमची एसटी खरोशाच्या फाट्यावरनं जायची. मी खिडकीशी बसायची. वडलांना म्हणायची, अण्णा, उतरू की. अण्णा म्हणायचे, पुढच्या खेपेला." तिनं गॅस बारीक केला. "लई खेपा झाल्या त्या."

शनिवारी उजाडायच्या आत गाडी निघाली. थंडी अशी की आत्या मफलर बांधून गाडी चालवत होती. लातूर गेलं, औसा गेलं, दोन्ही बाजूंना हरभरा आणि तूर. आणि एका वळणावर अक्षराला वास आला. लसणाचा.

"आई. डिक्कीत काय आहे?"

"कुठं काय."

"आई, ठरलं होतं ना, डबा न्यायचा नाही! तिथं काहीतरी खाऊ म्हणून!"

"थोडंसंच घेतलंय."

थोडंसंच म्हणजे धपाट्यांची चवड, दह्याची बरणी, शेंगदाण्याची चटणी, खिचडी आणि वर दोन किलो पेरू. पहाटे तीनला उठून आईनं एवढं सगळं केलं होतं आणि कुणाला चाहूल लागू दिली नव्हती.

खरोशाची टेकडी आली. तांबूस दगडात कोरलेली लेणी रस्त्यावरूनच दिसत होती, एकाला लागून एक काळी तोंडं. आई गाडीतून उतरली, मान वर करून त्यांच्याकडं बघितलं आणि डिक्कीपाशी जाऊन उभी राहिली. आत्याच्या डिक्कीला कुलूप लागत नव्हतं, ती नाड्यानं बांधलेली होती. खाली ग्यानोबा नावाच्या एका म्हाताऱ्याच्या शेळ्या चरत होत्या, त्यातल्या एकीनं आत्ताच पिशवीच्या दिशेनं मान लांबवली होती.

"तुम्ही जाऊन या," आई म्हणाली. "मी बसते."

अक्षरानं कपाळावर हात मारला. एवढं मतदान, फेरमतदान, मधलं बोट, आणि धपाट्यांच्या एका चवडीपायी आई परत पार्किंगमध्येच!

"मी थांबतो," पप्पा छाती काढून म्हणाले. "मतपेटी सांभाळलेला माणूस आहे मी."

"वेरूळला तुमच्याजवळ एक पिशवी दिली होती," आई म्हणाली. "ती तिथंच ठेवून तुम्ही गाईडच्या मागं गेलात."

पप्पांची छाती खाली बसली. आत्या म्हणाली, मग मी थांबते. त्यावर आई म्हणाली, तू मतसुद्धा खातेस. आणि ते ऐकताच अक्षराच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"खाऊन टाकू!"

"काय?"

"सगळं! आत्ताच! डबाच उरला नाही तर सांभाळणार काय?"

"अगं, नऊसुद्धा वाजले नाहीत."

"मग काय झालं? आत्या, चादर काढ!"

टेकडीच्या पायथ्याशी चादर अंथरली गेली. धपाटे सुटले. चौघांनी पोटं फुटेस्तोवर खाल्लं तरी चवड काही संपेना, तेव्हा अक्षरानं माईक नसतानाही माईकवरचा आवाज लावला. "आजोबा, या जेवायला! दादा, ताई, तुम्हीपण या!" शिरूर अनंतपाळहून मोटरसायकलवर आलेलं एक नवीन जोडपं लाजत लाजत बसलं आणि मग मुळीच लाजलं नाही. ग्यानोबानं चटणी जिभेवर ठेवून डोळे मिटले. "पोरी, कुणी केली गं ही?" आईनं मान खाली घातली, पण कान टवकारलेले होते. शेवटचा पेरू शेळीला मिळाला. बरणी पालथी घातली तरी दह्याचा थेंब पडला नाही.

"आता?" अक्षरानं विचारलं.

आई उठली. हातात काहीच नव्हतं, तर ते हात कुठं ठेवावेत हेच तिला कळेना. एकदा पदर सारखा केला, एकदा केस. मग ती चालायला लागली.

आत अंधार होता, आणि बाहेरच्या थंडीपेक्षा वेगळा, दगडाचा गारवा. डोळे सरावल्यावर समोर बुद्ध दिसले, बसलेले. आईला तिच्या रिकाम्या हातांचं काम सापडलं, ते आपोआप जोडले गेले. पप्पांनी माहिती सांगायला तोंड उघडलं, तेव्हा आत्यानं त्यांना कोपर मारलं. आई कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं भिंतीला तळवा लावला, हळूच, तवा तापलाय का बघतात तसा.

"अक्षे, हात लाव. गार हाय."

आणि मग काय विचारता! आई दुसऱ्या लेण्यात गेली, तिसऱ्यात गेली, खांबामागं गेली, महादेवाच्या लेण्यात जाऊन परत बुद्धांकडं आली, कारण काहीतरी बघायचं राहिलं होतं. ऊन वर आलं. इतक्या सकाळी एवढं जेवलेले पप्पा एका लेण्याच्या पायरीवर बसले ते बसलेच. त्यांच्या मांडीवर आईची पर्स होती, शेजारी रिकामा डबा.

"अहो, चला की, वर अजून हायेत," आई म्हणाली.

"रेणुका, जरा दम खाऊ दे."

आईनं त्यांच्याकडं बघितलं. पर्सकडं बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं जे अक्षरानं कुठल्याच फोटोत पाहिलं नव्हतं.

"बरं, तुम्ही बसा," ती म्हणाली. "आम्ही जाऊन येतो."

अक्षरानं पटकन फोन काढला. पण आई थांबेल तर ना! फोटोत आली ती नुसती पुसट, एक पाय पायरीवर, पदर उडालेला, आणि मागं लेण्याचं मोठं काळं दार.