मागून आणलेला पंखा

पाहुणे साडेअकराला यायचे होते आणि साडेदहालाच आमच्या पाळणाघरात बघण्यासारखी एकही वस्तू आमची उरली नव्हती.

ते सगळं माझंच काम. दिव्यश्री सकाळी होसूर रोडच्या स्टॉपवर त्यांना आणायला गेली. पाळणाघर तिचं, मी तिथं पोरांना खाऊपिऊ घालायची. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "अक्का, केर तेवढा काढ. दुसरं काही करू नको. आहे तसं दिसू दे."

"सरी, बरं," मी म्हणाले.

पण आहे तसं म्हणजे कसं? शहराबाहेरच्या बोम्मसंद्र्यातली ती एक खोली. वर सिमेंटचा पत्रा, एप्रिलात दुपारी हात लावला तर चटका बसेल असा. खाली पोती, त्यावर जुनी लुगडी, त्यावर बावीस पोरं. त्यांच्या आया पॅकिंगच्या कारखान्यांत. सकाळी आठचा भोंगा झाला की पोरं आमच्या हवाली, पाचचा झाला की परत. खोलीचं भाडं एका कारखानदाराची बायको देत असे. ते घर परदेशी गेलं आणि घरमालकानं सांगितलं, तीस तारखेला खोली रिकामी करा. म्हणून दिव्यश्रीनं भाड्यासाठी आणि नव्या छतासाठी शहर सहाय्य निधीकडे अर्ज केला. शहरातल्या बऱ्या घरच्या लोकांनी एकत्र येऊन काढलेला तो फंड, वस्त्यांतल्या लहान लहान कामांना वर्षाची मदत देणारा. आज ते बघायला येणार होते. त्यांनी नाही म्हटलं तर पाळणाघर बंद.

बंद म्हणजे काय, ते शिल्पाश्रीच्या चिन्नूचा हात बघितला की कळायचं. आमच्याकडे यायच्या आधी तिची आई तिला खोलीत कोंडून कामाला जायची. एक दिवस पोर चुलीतल्या निखाऱ्यापाशी गेली. उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत.

आमच्यात मुलगी दाखवायची असली की गल्ली धावून येते. कुणी खुर्च्या देतं, कुणी चांदीची ताटली, कुणी स्वतःच्या कानातलं काढून देतं. मागून आणलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं, पाहुण्यांनाही, आणि कुणी बोलत नाही. घर रिकामं दाखवलं तर मुलीची किंमत जाते. माझं लग्न शेजारणीच्या समईच्या उजेडात ठरलं. मला दुसरी रीतच माहीत नव्हती.

समोरच्या शिंपी गुंडूरावांकडे गेले.

"अण्णा, पंखा द्या. दोन तासांपुरता."

"न्या की अक्का. पण उजवीकडे वळवू नका हं, मान अडकते त्याची. माझ्या सासऱ्यासारखी."

देवळातून जमखाना आणला. लग्नाच्या हॉलमधून सहा खुर्च्या आणि स्टीलची ताटं. खुर्च्यांच्या पाठीवर हॉलचं नाव रंगवलेलं होतं, म्हणून पाठी भिंतीला लावल्या. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या इंजिनिअरच्या घरून तीनचाकी सायकल आणि दोन बाहुल्या. उपेंद्रच्या हॉटेलातून गॅसची शेगडी, सिलिंडरासकट. आमचा रॉकेलचा स्टोव्ह आणि पोती न्हाणीत कोंबली, वर बादली पालथी घातली. मग उभी राहून बघितलं. छान दिसत होतं. माझी छाती भरून आली होती.

दिव्यश्री पाहुण्यांना घेऊन दारात आली आणि थिजलीच. तिनं पंख्याकडे बघितलं, शेगडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हसले. ती हसली नाही.

पाहुणे दोघं. सूर्यकांत म्हणून एक साठीचे गृहस्थ, चिकपेटेतल्या जुन्या मराठी कापडवाल्यांपैकी, निधीच्या समितीवरचे. बरोबर श्वेता, पुण्याहून वर्षापूर्वी आलेली, हातात वही.

"अरे वा!" श्वेता म्हणाली. "फॅसिलिटी खूपच चांगली आहे इथं."

"बसा ना," दिव्यश्री म्हणाली. आवाज तिचा नव्हता.

सूर्यकांत पंख्यासमोर बसले. मान पुसली. "काल के. आर. पुरमला एक बालवाडी बघितली. तिथं पोरं उघड्या फरशीवर, काही नाही. पंखा तर सोडाच. इथं गॅससुद्धा आहे. सुखी आहात की तुम्ही."

दिव्यश्रीनं तोंड उघडलं. मी डोळ्यांनी गप्प केलं तिला. मी! अजूनही मला वाटत होतं की बरं चाललंय. बघायला आलेले खूष होत होते, आणखी काय हवं?

मी कॉफी घेऊन गेले. श्वेता मांडीवर वही ठेवून मराठीत लिहीत होती. पेला ठेवायला वाकले तेव्हा वही माझ्या नाकाखाली होती. नोकर बाई समोर असली की कुणी वही मिटत नाही. मी पन्नाशी उलटल्यावर मराठी अक्षरं शिकले होते, दिव्यश्रीकडूनच, दुपारी पोरं झोपल्यावर. मला एकेक अक्षर धरून चालावं लागतं. पहिलं ग. मग र. मग ज. गरज. पुढं दोन टिंबं. मग क, मग मी.

गरज : कमी.

मी दुसरा पेला ठेवायला मुद्दाम उशीर केला. खाली आणखी एक ओळ होती. के. आर. पुरमला प्राधान्य. प्राधान्य मला लागलं नाही, पण के. आर. पुरम लागलं.

दाखवून किंमत वाढते, हे लग्नात. इथं उलटं होतं, आणि ते मला कुणीतरी सांगितलं होतं, सकाळीच, उंबऱ्यात उभं राहून.

आता खरं सांगावं तर लबाड ठरू. गप्प बसावं तर तीस तारीख. चिन्नू जमखान्यावर पालथी झोपली होती, तो हात उशाला घेऊन.

"निघू या," सूर्यकांत म्हणाले आणि त्यांनी उठता उठता पंखा झोपलेल्या पोरांकडे वळवला. उजवीकडे. खाडकन मान अडकली, पातं जाळीला घासायला लागलं. करकर, करकर.

मी जाऊन बटण बंद केलं. वायर काढली. दारात जाऊन हाक मारली, "गुंडूअण्णा! पंखा घेऊन जा तुमचा!"

"अक्का," दिव्यश्री म्हणाली.

"उपेंद्रला पण हाक मारा! शेगडी न्यायला सांगा!"

न्हाणीतून मी स्टोव्ह काढला, पोती काढली, मधोमध टाकली. एक खुर्ची फिरवून हॉलचं नाव पाहुण्यांपुढे धरलं. गुंडूराव मापाची पट्टी गळ्यात घालूनच आले आणि दारात घुटमळले.

"काय झालं? मान मोडली का?"

"नेता का पंखा?"

"संध्याकाळी नेला तरी..."

"आत्ता न्या."

सूर्यकांतांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे हे सगळं नाटक? आम्हाला फसवण्यासाठी?"

"हो," मी म्हणाले. "मी केलं. ती स्टॉपवर होती, तिला विचारू नका, तिला काही ठाऊक नव्हतं."

"बाई, आमचा नियम आहे. खोटी माहिती दिली की अर्ज बाद. मग माणूस किती का चांगला असेना."

दिव्यश्री भिंतीला टेकली. पत्रा तापायला लागला होता. पंखा थांबून पाचच मिनिटं झाली होती आणि पोरं एकेक करून कुशी बदलायला लागली. एकानं सूर धरला, मग दुसऱ्यानं.

"माहिती अर्जात असते ना?" मी विचारलं. "अर्ज तिनं लिहिलाय. मी नाही. त्यात पंखा लिहिलाय का, बघा वाचून."

मग श्वेतानं पिशवीतून अर्ज काढला. पानं उलटली. मोठ्यानं वाचायला लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. "छत सिमेंटच्या पत्र्याचं. पंखा नाही. स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर. मुलांना झोपायला पोती." तिनं स्टोव्हकडे बघितलं. पोत्यांकडे बघितलं. "सर, अर्जात सगळं बरोबर आहे."

"आणि हे जे आत्ता बघितलं ते?"

"ते गल्लीचं आहे," दारातून गुंडूराव म्हणाले. पंखा त्यांच्या काखेत होता. "मागितलं म्हणून दिलं. उद्या मागितलं तर उद्या देऊ. त्यात लबाडी कसली?"

घाम सूर्यकांतांच्या कानामागून सदऱ्यात उतरत होता. चिन्नू रडत उठली, जवळचा पाय म्हणून त्यांचाच पाय धरून उभी राहिली. त्यांनी तिला सोडवायला तिचा हात धरला आणि ती दोन बोटं त्यांच्या हातात आली. ते तसेच थांबले. मग, "हे कधी?" एवढंच विचारलं.

"इथं यायच्या आधी," दिव्यश्री म्हणाली.

"शनिवारी समितीची बैठक आहे," ते म्हणाले. "मी आत्ता काही सांगत नाही." आणि गेले. श्वेता हातातल्या वहीकडे बघून मागे वळली आणि म्हणाली, "आजी, तुम्हाला वाचता येतं?"

"स्वल्प," मी म्हणाले.

त्या दिवशी दिव्यश्री माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पोरांना खिचडी घातली, तोंडं पुसली, आणि घरी जाऊन उपाशी झोपले.

पाकीट सत्तावीस तारखेला आलं, पाचचा भोंगा व्हायच्या थोडं आधी. आत एक इंग्रजी टाइप केलेला कागद आणि त्याला टाचलेला हातानं लिहिलेला मराठी कागद. अक्षरं मोठी, शब्दांत जागा सोडलेली. वर माझं नाव लिहिलं होतं, तुंगाबाईंसाठी.

दिव्यश्रीनं इंग्रजी कागद घडी करून छातीशी धरला. तिनं तो वाचला होता. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना.

"तू वाच," ती म्हणाली. दहा दिवसांत नीट बोललेले पहिले शब्द.

तेवढ्यात भोंगा झाला. आया आल्या, पोरं कडेवर घेतली आणि कुणी जाईना. शिल्पाश्री माझ्या खांद्यामागे उभी राहिली, तिचा श्वास मानेला लागत होता. "एनु अक्का? काय लिहिलंय?"

"थांब ग. लागू दे."

मी बोट ठेवलं. आ, प, ल्या. आपल्या. पा, ळ, णा. समोरच्या दुकानातलं मशीन थांबलं. घ, रा, ला. एक, व, र्षा, चे, भा, डे. पोरं आयांच्या कानातली ओढत होती. पुढचा शब्द म पासून सुरू होत होता, वर टिंब.

"मं," मी म्हणाले. "मंजू..."

शिल्पाश्री मागून रडायला लागली. तरी मी बोट उचललं नाही. र होता अजून, तो वाचायचा होता. त्याच्या खाली लिहिलं होतं, छताचे पैसे यंदा नाहीत. त्याच्याही खाली : पुढच्या वेळी आम्ही न सांगता येऊ.

गुंडूराव दुकानातून ओरडले, "अक्का, मग पंखा आणू का परत? बारा ते चार मी तसाही डुलक्या घेतो!"

"आणा," मी म्हणाले. "आणि वर लिहून ठेवा कुणाचा आहे ते."