होडीत हवा किती भरायची

मे महिन्यातल्या एका रविवारी भर दुपारी चंद्रप्रकाश बनसोडे रिक्षात एक भलंमोठं गाठोडं कोंबून मुलुंडला आला. आग्रा रोडला लागून सहदेव घाडीचं टायरचं दुकान होतं, तिथं त्यानं ते उतरवलं आणि म्हणाला, "सहदेव, ओळख बघू यात काय आहे."

दोघं एकाच मिलमध्ये सूत कातायच्या रिंग खात्यात अकरा वर्षं शेजारी शेजारी उभे राहिलेले. संपात मिल गेली. सहदेवनं पंक्चर काढायचं काम शिकून स्वतःचं दुकान टाकलं आणि चंद्रप्रकाश अंधेरीच्या एका कारखान्यात साहेबांचा ड्रायव्हर झाला. त्याचा साहेब जर्मन. दर रविवारी पवईच्या तलावावर गळ टाकून बसायचा आणि चंद्रप्रकाशलाही शेजारी बसवायचा. सोलापूरकडच्या कोरड्या गावात वाढलेल्या या माणसाला पाण्याचा आणि माशांचा नाद लागला तो असा. आता साहेब कायमचा मायदेशी निघाला होता आणि जाताना त्यानं आपली रबरी होडी चंद्रप्रकाशला देऊन टाकली होती.

सहदेवनं गाठोडं सोडलं. राखाडी रबराच्या दोन लांब नळ्या, मधे जोडायची ॲल्युमिनियमची चौकट, एका माणसापुरती बैठक, दोन छोटी वल्ही. शिवाय पायानं दाबायचा एक भाता.

"हा काय पेटीचा भाता दिलाय?" सहदेव हसला. "यानं भरायला दिवाळी उजाडेल. माझा कॉम्प्रेसर काय शोभेला ठेवलाय?"

"हवा जपून भर हां. साहेब फार जपून भरायचा."

"दहाचाकी ट्रकचे टायर भरतो मी. तू मला हवा शिकवणार?"

चंद्रप्रकाश हसला आणि रस्त्यापलीकडच्या गुऱ्हाळावर रस आणायला गेला.

नळीवर एक चित्र छापलेलं होतं. एक सूर्य, आणि खाली व्हॉल्व्ह उघडणारा हात. सहदेवनं ते पाहिलं आणि त्यावरून नजर काढली. फुटपाथवरच्या उन्हात त्यानं पहिली नळी पसरली आणि नोझल लावलं. गेजचा काटा हलेचना. तो हलणार कसा? शंभर पौंडांचं गेज ते, दोन-चार पौंड त्याच्या खिजगणतीत नव्हते. नळी फुगली, गोल झाली, तरी सहदेवच्या हाताला ती मऊच लागत होती. त्याच्या हाताला टायरच्या टणकपणाची सवय. त्यानं आणखी थोडी हवा भरली, मग आणखी थोडी.

बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. समोरचा केळीवाला टोपली टाकून पळाला. नळीचा जोड वीतभर उसवला होता.

दोन्ही हातांत रसाचे ग्लास घेऊन चंद्रप्रकाश रस्ता ओलांडून धावत आला. "काय झालं रे?"

सहदेवला खरं तर 'मी जास्त भरली' एवढंच म्हणायचं होतं. पण अकरा जण गोळा झाले होते, आणि दुकानावर त्याच्याच नावाची पाटी होती.

"रबर कुजलंय याचं," तो म्हणाला. "उन्हानं भाजलंय. कुठं ठेवली होतीस?"

चंद्रप्रकाशनं ग्लास खाली ठेवले. "कुंदानं तीन दिवस गच्चीवर वाळत घातली होती. बुरशीचा वास येत होता म्हणून."

"मग तेच. वाट लागली ना मालाची."

बोलून गेला आणि त्याला वाटलं, सुटलो.

होडी त्यानं दुरुस्तीला ठेवून घेतली. त्यानंतरच्या शुक्रवारी चंद्रप्रकाश दुकानात डोकावला तेव्हा त्याच्या हातात रोजचा डबा नव्हता.

"डबा कुठाय?"

"घरी अबोला आहे. होडीवरून मी कुंदाला वाट्टेल ते बोललो. म्हटलं, एवढ्या वर्षांत एक चांगली वस्तू घरात आली, ती तू जाळलीस. ती एक शब्द बोलली नाही रे. बोलली असती तर बरं झालं असतं."

सहदेव हातातल्या ट्यूबवर काचपेपर घासत राहिला. ट्यूब कधीच घासून झाली होती.

नाहूरला घरी त्या दिवशी तो ताटावर नुसता बसून राहिला. त्याची बायको रत्नप्रभा म्हणाली, "काय झाला तुमका? भात निवलो."

त्यानं सगळं सांगितलं. ऐकून तिनं ताट उचललं नाही की आवाज चढवला नाही. "तुमी त्याका खोटा सांगितलात, आणि शिव्या खाल्ल्यान त्या बिचारीन?" एवढंच म्हणाली. ते त्याला पाटीवरच्या नावापेक्षा जड गेलं.

शनिवारी दुकान लवकर बंद करून सहदेव घाटकोपरला गेला. पंतनगरच्या हाउसिंग बोर्डाच्या इमारतीखालीच चंद्रप्रकाश भेटला. सहदेवनं प्रस्तावना केली नाही.

"चंदू, रबर चांगलं होतं. मी हवा जास्त भरली. लाज वाटली म्हणून खोटं बोललो."

चंद्रप्रकाश एक पाऊल पुढं आला. आता हा हात उचलणार असं सहदेवला वाटलं. उचलला असता तर त्यानं मार खाल्लाही असता.

"होडी गेली तर गेली," चंद्रप्रकाश शेवटी म्हणाला. "पण मी तिला काय काय बोललो माहितेय तुला? मला कशाला सांगतोस? वर चल. तिला सांग."

कुंदा ओट्याशी भाकऱ्या थापत होती. सहदेव दारातच उभा राहिला आणि चपला न काढता सगळं बोलला, कारण आत जाऊन बसायचा हक्क आपल्याला आहे असं त्याला वाटेना. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, गॅस बारीक केला, मग वळली.

"भावजी, तुम्ही बोललात तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना, की बोल माझ्यावर येणार?"

"हो वहिनी."

"आणि यांनी मला विचारलंसुद्धा नाही." ती नवऱ्याकडं बघत होती. चंद्रप्रकाशनं मान खाली घातली. "चुकलं माझं," तो म्हणाला. ते त्याच्या तोंडून सहज आलं नाही, पण आलं.

"दुरुस्त होईल का ती?"

"होईल. करूनच देतो."

"मग पहिल्यांदा मी बसणार त्यात," कुंदा म्हणाली. "दोघं काठावर उभे राहा. आता चपला काढा आणि जेवायला बसा."

त्यानंतर आठवडाभर सहदेव त्या जोडाशी झटला. ट्रकच्या ट्यूबसारखा गरम पॅच दिला तर पातळ रबर जळलं असतं, म्हणून त्यानं नुसत्या सोल्यूशननं पट्टी डकवली, वर वजन ठेवून दोन दिवस तिला हात लावला नाही. मग साबणाच्या पाण्यानं इंच न् इंच तपासलं. एक बारीक बुडबुडा दिसला, तेव्हा पट्टी उखडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

रविवारी सकाळी तिघं पवईला गेले. सहदेवनं होडी झाडाच्या सावलीत पसरली आणि तो भाता पायाखाली घेतला. आधी दोन्ही नळ्या निम्म्याच भरल्या. चौकट बसवून पट्टे आवळले. मग या नळीत थोडी, त्या नळीत थोडी, म्हणजे एकीचा ताण दुसरीवर येऊ नये. अर्ध्या तासात त्याच्या पोटऱ्या भरून आल्या. दर वेळी तो अंगठ्यानं दाबून बघायचा. जेमतेम पेरभर दबलं पाहिजे आणि लगेच वर आलं पाहिजे. कॉम्प्रेसरवर हे हाताला कळायला वेळच मिळाला नव्हता. उन्हात हवा फुगते तेव्हा थोडी काढून टाकायची, एवढंच तो छापील सूर्य सांगत होता.

कुंदानं पदर खोचला. "मगरी असतात म्हणे इथं?"

"त्या पलीकडं," चंद्रप्रकाश म्हणाला. त्याला स्वतःलाही खात्री नव्हती. त्यानं होडीला लांब दोरी बांधली आणि टोक मनगटाला गुंडाळलं.

ती बसली. होडी एकदा डुलली, मग स्थिर झाली. दोन-चार वेळा वल्ही एकमेकांवर आपटली, पुढं जमलं. वीसेक हात आत गेल्यावर तिनं हाक मारली, "भावजी! ही नळी मऊ पडली!"

 सहदेव चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरला, दोघांनी मिळून दोरी ओढली. पट्टी कोरडी, शाबूत होती. बुडबुडा एकही नव्हता. त्यानं दुसरी नळी दाबून पाहिली, तीही तितकीच मऊ. तेव्हा त्याच्या लक्षात आलं आणि तो मोठ्यानं श्वास सोडून हसला. "पाणी गार आहे वहिनी. आतली हवा आखडली. फुटलं नाही काही."

भात्याचे दहा-बारा दाब दिले आणि होडी पुन्हा ताठ झाली. कुंदा परत निघाली. या वेळी तिनं दोरी सोडायला लावली. तलावाच्या मधोमध जाऊन तिनं वल्ही मांडीवर घेतली आणि नुसती बसून राहिली. काठावरून तिचा चेहरा दिसत नव्हता. चंद्रप्रकाश गळ हातात धरून तासभर उभा होता, पण त्यानं तिला एकदाही बोलावलं नाही.

त्या दिवशी मासा लागला नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी चंद्रप्रकाशला चार किलोचा कटला मिळाला आणि तसाच ओल्या कपड्यांनी मासा घेऊन नाहूरला सहदेवच्या घरी आला. सोबत कुंदा होती, आणि रिक्षात कोंबलेली होडीही.

"तळ्यातलो मासो?" रत्नप्रभा म्हणाली. "चिखलाचो वास येता त्याका."

"काळं तिखट घातलं की कसला वास येतोय," कुंदा म्हणाली.

"काळा तिखट? माशात? खोबरा लागता, कोकम लागता."

शेवटी मासा मधोमध कापला गेला. दोन शेगड्यांवर दोन पातेली चढली आणि दोघी एकमेकींच्या पातेल्यात डोकावून नाकं मुरडू लागल्या. बाहेरच्या खोलीत चंद्रप्रकाश होडी कपड्यानं पुसत होता आणि सहदेव नळ्यांतली उरलेली हवा हातानं रेटत बाहेर काढत होता.